घरच्या घरी डोळ्यातील दाब मोजणे: काचबिंदूच्या रुग्णाला त्याचा नेमका उपयोग काय?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६८ असून काही वर्षांपूर्वी त्यांना दोन्ही डोळ्यांत ओपन अँगल प्रकारचा (डोळ्यातील द्रवाचा निचरा हळूहळू मंदावून होणारा) काचबिंदू असल्याचे निदान झाले. रात्री झोपताना लॅटानोप्रोस्ट आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल व डॉर्झोलामाइड यांचे एकत्रित थेंब असा त्यांचा उपचार चालू आहे. थेंब ते स्वतःच घालतात आणि माझ्या माहितीप्रमाणे एकही वेळ चुकवत नाहीत. दर चार महिन्यांनी तपासणी होते, तेव्हा दाब १४ ते १६ मिमी पारा इतका भरतो आणि आम्ही समाधानाने घरी परततो. मात्र या वेळच्या फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा आवाका मोजणाऱ्या चाचणीत) उजव्या डोळ्याची नाकाकडील वरच्या भागातील नजर गेल्या वर्षीपेक्षा कमी झालेली दिसली आणि ओसीटीतही (डोळ्याच्या आतल्या थरांचे चित्र काढणाऱ्या तपासणीतही) त्याला जुळणारा खालच्या बाजूचा डोळ्याच्या नसेचा थर पातळ झालेला आढळला.

आमच्या डॉक्टरांचे म्हणणे असे, की तपासणीच्या वेळी दाब आटोक्यात दिसत असला, तरी दिवसाच्या अन्य वेळी तो चढत असावा. आमची वेळ नेहमी सकाळी अकरा-साडेअकराची असते. पहाटे किंवा रात्री काय होते, हे आजवर कोणी पाहिलेलेच नाही. माझा भाऊ परदेशात असतो. रुग्णाला स्वतः दाब मोजता येईल असे एक उपकरण तिकडे मिळते आणि ते घेऊन पाठवण्याची त्याची तयारी आहे. किंमत मात्र लाखाच्या पुढे जाते, म्हणून निर्णयाआधी येथील जाणकारांना विचारते.

अशा उपकरणाचा आकडा दवाखान्यातील आकड्याइतका विश्वासार्ह असतो का? वडिलांचा हात किंचित थरथरतो, त्यांना ते जमेल का? आणि घरी दाब जास्त आढळला, तर त्या दिवशी एखादा थेंब जास्त घालणे योग्य ठरेल का? वडील रक्तदाब घरीच मोजतात आणि त्याची वही व्यवस्थित ठेवतात, त्यामुळे नोंदी ठेवण्याचा कंटाळा ते करणार नाहीत. त्यांची दिनचर्याही सांगून ठेवते: पहाटे पाचला उठणे, उठल्याबरोबर मोठा तांब्याभर पाणी पिणे, मग तासभर योगासने. रक्तदाबाची गोळी ते रात्री घेतात.

---

नेत्रवैद्य

मी काचबिंदूच्या रुग्णांवर उपचार करणारी नेत्रतज्ज्ञ आहे. आपण दिलेली माहिती मुद्देसूद आहे, त्यामुळे उत्तरही सविस्तर देते.

आपल्या डॉक्टरांची शंका रास्त आहे. डोळ्यातील दाब दिवसभर एकसारखा राहत नाही. निरोगी डोळ्यातही तो चोवीस तासांत साधारण ३ ते ६ मिमीने वरखाली होतो आणि काचबिंदूच्या डोळ्यात हा फरक १० मिमी किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. अमेरिकेत सॅन डिएगो येथील निद्रा-प्रयोगशाळेत रुग्णांचे चोवीस तास मापन केले गेले, तेव्हा आडवे झोपलेल्या स्थितीत रात्री दाब सर्वाधिक असल्याचे दिसून आले. आम्ही मात्र तो दवाखान्याच्या वेळेत, रुग्णाला ताठ बसवून मोजतो. चार महिन्यांतून एकदा अकरा वाजता घेतलेल्या आकड्यावरून उरलेल्या सगळ्या तासांचा अंदाज बांधणे धोक्याचे असते आणि आपल्या वडिलांच्या बाबतीत फील्ड व ओसीटी दोन्ही तेच सांगत आहेत. १४ ते १६ हे आकडे कितीही चांगले वाटले, तरी नसेचा ऱ्हास चालू आहे, ही गोष्ट आकड्यापेक्षा मोठी आहे.

येथे औषधांचाही विचार करावा लागतो. डोळ्यातील द्रवाची निर्मिती रात्री मुळातच निम्म्यावर येते. टिमोलॉल ही निर्मिती कमी करून काम करत असल्याने रात्री त्याचा प्रभाव फारसा उरत नाही. डॉर्झोलामाइड व लॅटानोप्रोस्ट मात्र रात्रीही काम करतात. म्हणून पहाटेचा आकडा हाती आला, तर औषधांची निवड बदलण्यासाठी तो खरोखर उपयोगी पडतो.

आता उपकरणाविषयी. आपला भाऊ ज्याबद्दल बोलतो आहे, ते बहुधा फिनलंडमधील आयकेअर कंपनीचे असावे. अंती कोंतिओला या फिनिश संशोधकाने विकसित केलेल्या तत्त्वावर ते चालते. आत चुंबकीय गुंडाळी असते. ती एका बारीक, हलक्या सळईला बुबुळाकडे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याकडे, ढकलते. सळईच्या टोकावरचा प्लास्टिकचा गोल मणी बुबुळाला क्षणभर टेकून मागे येतो आणि तो किती वेगाने मंदावला यावरून दाब काढला जातो. डोळा जितका कडक, तितकी सळई झटकन परतते. असे सहा स्पर्श मिळून एक मापन होते. डोळा बधिर करणारे थेंब लागत नाहीत, म्हणूनच ते रुग्णाच्या हाती देता येते. रुग्णाने स्वतः वापरायच्या प्रकाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये परवानगी दिली. त्याच्या पुढच्या आवृत्तीत पाठीवर झोपूनही मापन करता येते, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे.

विश्वासार्हतेबद्दल सांगायचे, तर दवाखान्यात आम्ही प्रमाण मानतो ते गोल्डमान पद्धतीचे मापन (डोळा बधिर करून, यंत्राने बुबुळावर हलका दाब देऊन केलेले), आणि त्याच्याशी तुलना करता या उपकरणाचा आकडा बहुतेक रुग्णांत ५ मिमीच्या फरकाच्या आत राहतो. म्हणजे घरी १७ आणि दवाखान्यात १५ आले, तर त्यात चिंतेचे काही नाही. बुबुळाची जाडी जास्त असेल, तर घरचा आकडा फुगतो आणि कमी असेल, तर तो खरा दाब लपवतो. यासाठी उपकरण हाती आल्यावर एकाच दिवशी, एकाच बैठकीत दोन्ही पद्धतींनी मापन करून घ्या आणि दोहोंतील फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एरवी घरचा आकडा घरच्याच दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहावा. सकाळ आणि दुपार यांतील तफावत, या आठवड्यातील आणि उपचार बदलल्यानंतरच्या आठवड्यातील तफावत, याच गोष्टी आम्हाला हव्या असतात.

सर्वांनाच हे जमते असे नाही. प्रशिक्षण दिल्यानंतर साधारण चारांपैकी तीन रुग्ण स्वतःचे मापन ठरलेल्या कसोटीला उतरेल इतके नीट करू शकतात, असे अभ्यासांत दिसले आहे. हात थरथरत असल्यास घरातील दुसऱ्या माणसाने मापन केले तरी चालते. डोळ्याला संसर्ग झालेला असताना किंवा नुकतीच शस्त्रक्रिया वा इजा झालेली असताना ते अजिबात वापरू नये. ज्यांना एकाच डोळ्याने दिसते, ज्यांची नजर एका जागी स्थिर राहत नाही किंवा ज्यांच्या बुबुळावर व्रण आहे, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. एका आकड्यावरून थेंब वाढवू नयेत आणि आकडा चांगला आला म्हणून ते टाळू तर मुळीच नयेत. लॅटानोप्रोस्ट दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा घातल्यास त्याचा परिणाम उलट घटतो, आणि टिमोलॉल जास्त झाल्यास नाडी मंदावते व दम्याच्या रुग्णाचा श्वास अडू शकतो.

आपण दिनचर्या लिहिलीत, हे फार चांगले केलेत. थोड्या वेळात पुष्कळ पाणी पिणे, ही काचबिंदूसाठी वापरली जाणारी एक चाचणीच आहे. पाच मिनिटांत लिटरभर पाणी प्यायला देऊन आम्ही दाब किती चढतो ते पाहतो. उषःपान सोडायची गरज नाही, मात्र तांब्याभर पाणी एका दमात न पिता अर्ध्या-पाऊण तासात थोडे थोडे प्यावे. योगासनांबद्दल अधिक गंभीरपणे विचारते, कारण शीर्षासनात डोळ्यातील दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे चेन्नई येथील अभ्यासात मोजून दाखवले गेले आहे. हलासन, अधोमुख श्वानासन, विपरीत करणी आणि उभ्याने पुढे पूर्ण वाकण्याची आसने यांतही तो लक्षणीय वाढतो. वडील नेमकी कोणती आसने करतात आणि डोळ्यांखेरीज आणखी कोणती औषधे घेतात, हे कळवावे.

---

सागरपार (न्यू जर्सी)

ताई, मी स्वतः काचबिंदूचा रुग्ण आहे आणि हे उपकरण वापरतो, म्हणून प्रत्यक्ष अनुभव लिहितो.

माझीही अवस्था आपल्या वडिलांसारखीच होती. दवाखान्यात दाब १५ आणि फील्ड मात्र घसरत चाललेले. माझ्या डॉक्टरांनी उपकरण आधी भाड्याने घ्यायला लावले. येथे ते आठवड्याच्या भाड्यानेही मिळते, त्यामुळे भावाने लगेच विकत घेण्याची घाई करू नये. एक आठवडाभर जागे झाल्यावर अंथरुणातच, मग दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी असे मापन करायचे ठरले. दुपारी १५-१६ असणारा माझा दाब पहाटे २३-२४ पर्यंत जात होता आणि नाश्त्याच्या वेळेपर्यंत उतरत होता. मी दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याचा मागमूसही राहत नसे. त्या आलेखावरून डॉक्टरांनी लेसर उपचार केला आणि त्यानंतर केलेल्या मापनात पहाटेचा तो चढ बराचसा सपाट झालेला दिसला.

वापरण्याची पद्धत सांगतो, कारण ती ऐकून वडिलांना जमेल की नाही याचा अंदाज येईल. उपकरणाला कपाळावर आणि गालावर टेकणारे दोन आधार असतात. ते आपल्या चेहऱ्याप्रमाणे एकदा बसवून घ्यायचे आणि त्यांच्यावरील खुणेचे आकडे लिहून ठेवायचे. नवी सळई प्लास्टिकच्या नळीतून थेट उपकरणाच्या तोंडात सोडायची, टोकाला बोट लावायचे नाही. मग समोर पाहत उपकरण डोळ्यापुढे धरले, की आत प्रकाशाचे वर्तुळ दिसते. ते हिरवे आणि मध्यभागी दिसले, तर उपकरण सरळ आहे, आणि लाल दिसले तर ते कलले आहे. सळईचे टोक बुबुळापासून चार ते आठ मिलिमीटरवर असावे लागते. पापण्या मिटून उघडायच्या, डोळा मोठा करायचा आणि बटण दाबून धरायचे. सहा बारीक टकटक होतात, पापणीच्या केसाला काहीतरी लागल्यासारखे वाटते, इतकेच. मग लांब सूर वाजतो. उजवा डोळा की डावा, हे उपकरण स्वतःच ओळखते.

सुरुवातीला हात अवघडतो. मला कोपर टेबलावर टेकवून मोजणे सोपे गेले. हात थरथरणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल असे वाटते. डोळा घट्ट ताणून उघडताना बोटाचा दाब नेत्रगोलावर पडला, तर आकडा खोटा वाढतो, म्हणून पापणी धरायचीच असेल तर ती भुवईच्या हाडावर धरावी. श्वास रोखून ठेवू नये आणि सदऱ्याची कॉलर घट्ट असू नये, कारण या दोन्हींमुळेही दाब वाढतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आकडे दिसू लागले, की पुन्हा पुन्हा मोजण्याचा मोह होतो. त्यातून झोप उडते, आणि माहिती मात्र वाढत नाही. त्यामुळे ठरलेल्या वेळा सोडून मोजायचे नाही, असा नियम आधीच करून घ्यावा. माझ्या डॉक्टरांनी पहिल्या वेळी मला आकडे न दाखवणारी जुनी आवृत्ती दिली होती, त्यात सर्व नोंदी थेट त्यांच्या संगणकावर उघडत. वडिलांचा स्वभाव काळजी करण्याचा असेल, तर हा पर्याय अधिक चांगला ठरेल.

---

गोदाकाठ (नाशिक)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वडिलांशी आजच बोलले. ते शीर्षासन करत नाहीत, परंतु सर्वांगासन आणि हलासन गेली अनेक वर्षे रोज करतात, आणि सर्वांगासनात बराच वेळ थांबतात. यांचा डोळ्यांशी काही संबंध असेल, अशी शंकाही आम्हाला कधी आली नव्हती. पाणी मात्र ते एका दमातच पितात.

इतर औषधांमध्ये रक्तदाबाची गोळी आहेच. शिवाय सकाळच्या शिंकांसाठी नाकात मारायचा एक फवारा ते दोनेक वर्षांपासून वापरतात आणि मानेवर खाज उठली की घरात असलेले एक मलम लावतात. बाटली आणि ट्यूब पाहिली, दोन्हींवर स्टेरॉइडचे नाव आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे सांगायचे आम्हाला कधी सुचलेच नाही, कारण त्यांनी डोळ्यांच्या थेंबांविषयीच विचारले होते. यानेही दाब वाढू शकतो का?

---

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, वैद्यकीय उत्तर डॉक्टर देतीलच. खर्चाच्या बाजूने एक सुचवतो. माझ्या आईच्या वेळी आमच्या डॉक्टरांनी तिला दिवसभर रुग्णालयात थांबवून सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत दर तीन तासांनी दाब मोजला होता. याला ते दिवसभराचा प्रेशर चार्ट म्हणतात. मोठ्या नेत्र रुग्णालयांत आणि धर्मादाय रुग्णालयांतही हे करून मिळते आणि खर्च उपकरणाच्या मानाने अगदीच किरकोळ असतो. पहाटेचा आकडा त्यातून मिळत नाही हे खरे, पण सकाळी आठचा तरी मिळतो. तोही शक्य नसेल, तर निदान पुढच्या दोन-तीन तपासण्यांच्या वेळा बदलून घ्या: एकदा दवाखाना उघडताच, एकदा संध्याकाळी अगदी शेवटची.

आणखी एक गोष्ट. वडील थेंब घालताना एकदा समोर बसून पाहा. आईदेखील एकही वेळ चुकवत नसे, पण थेंब पापणीवर पडून गालावर ओघळत असे आणि ती तो रुमालाने टिपून घेत असे. खालची पापणी ओढून झालेल्या खळग्यात थेंब पडायला हवा, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायला हवा. दोन वेगळ्या औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर हवे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो.

---

नेत्रवैद्य

होय, वाढू शकतो. स्टेरॉइडमुळे काही लोकांत डोळ्यातील द्रवाचा निचरा अडतो आणि काचबिंदूच्या रुग्णांत ही प्रवृत्ती इतरांपेक्षा बरीच अधिक असते. सर्वाधिक धोका स्टेरॉइडच्या डोळ्यांच्या थेंबांचा असतो, आणि खाजेसाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अशा थेंबांनी तरुणांचे डोळे गेलेले आम्ही नेहमी पाहतो. नाकातील फवाऱ्याचा व मलमाचा धोका त्या मानाने कमी असतो, तरी मलमाची बोटे डोळ्याला लागली तर औषध थेट आत जाते. फवारा आपल्या मनाने बंद करू नका. त्याची बाटली घेऊन डोळ्यांच्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना भेटा. त्याऐवजी देता येतील अशी औषधे आहेत.

सर्वांगासन व हलासन आजपासून थांबवावे. बाकीची आसने, प्राणायामातील संथ श्वसन आणि रोजचे चालणे चालू राहू द्या, चालण्याने दाब थोडा कमीच होतो.

कृष्णाकाठ यांनी सुचवलेला क्रम मला पटतो. थेंब घालण्याची पद्धत, आसने, पाणी आणि स्टेरॉइड या गोष्टी आधी मार्गी लावा, रुग्णालयात दिवसभराचा चार्ट करून घ्या आणि तरीही पहाटेविषयी शंका राहिली, तर उपकरण आठवडाभरापुरते मिळवण्याचा प्रयत्न करा. मात्र या सगळ्यात महिने जाऊ देऊ नका, कारण गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी मधल्या काळात उपचार वाढवायचे ठरवले, तर चार्टसाठी ते अडवू नका. सागरपार यांनी उल्लेख केलेला लेसर उपचार ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात पहिलाच उपचार म्हणून दिला गेला, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. वडिलांना तो लागू पडेल का, हे आवर्जून विचारा.

घरचे सगळे आकडे १४-१५ वरच राहिले, तर मापन वाया गेले असे समजू नये. मग आम्ही दुसरीकडे पाहतो. बुबुळ पातळ असल्यामुळे खरा दाब लपला आहे का, वडिलांच्या नसेला १४ सुद्धा जास्त आहे का, झोपेत घोरताना श्वास अडतो का, आणि रात्रीच्या रक्तदाबाच्या गोळीमुळे झोपेत रक्तदाब इतका उतरतो का, की डोळ्याच्या नसेला रक्तच पुरत नाही. गोळीची वेळ बदलायची की नाही, हे आपल्या फिजिशियननी ठरवायचे, पण वडिलांची रक्तदाबाची वही त्यांना आणि आम्हाला दोघांनाही उपयोगी पडेल, ती सोबत न्या. लक्ष्य किती ठेवायचे याचा निर्णय मोठा असतो, कारण स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात दाब प्रत्येक १ मिमीने उतरला, की आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो असे आढळले आहे. १५ वरून १२ वर आणणे म्हणूनच क्षुल्लक नाही.

येथे वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहिते. डोळा अचानक लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली आणि त्यासोबत उलटी झाली, तर उपकरण काढून मोजत बसू नये, तासाभरात नेत्र रुग्णालय गाठावे. तसेच पापणीवरून दाबून दाब सांगणारी जी स्वस्त साधने ऑनलाइन विकली जातात, त्यांच्यावर विसंबू नये. अभ्यासांत त्यांचे आकडे गोल्डमानशी नीट जुळलेले नाहीत.

आणि ताई, काचबिंदू असलेल्या व्यक्तीच्या मुलांना व भावंडांना हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट अधिक असते. आपण आणि आपल्या भावाने दाबासोबत नसेची तपासणीही करून घेतली नसेल, तर वडिलांच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी आपली नोंदणीही करून टाका, आणि भावाला तिकडे वेळ घ्यायला सांगा.